ऑफिसातलं टेबल: आवरलेलं हवंय, पण परकं नको

निळीशाई (सोमवार, रात्री ९.४०)

मंडळी, गेल्या शुक्रवारी आमचं खातं चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हललं. प्रत्येकाला एकच खोका मिळाला, टेबलावरचं आणि खणातलं सगळं त्यातच बसवायचं. मी लेखाविभागात आहे, त्याच टेबलावर सहा वर्षं काढली. माझं टेबल नीटनेटकं असतं अशी माझी समजूत होती. वरून असायचंही. मग खण उघडला.

बाहेर काय काय आलं ते सांगते. न चालणारी पेनं नऊ. माझ्याकडे आता नसलेल्या फोनांचे चार्जर तीन. किल्ल्या अकरा, त्यातल्या दोनच कशाच्या ते माहीत. एक कॅल्क्युलेटर, ज्याच्या सेलच्या खाचेत पांढरी बुरशी धरलेली. आणि अगदी मागच्या कोपऱ्यात, माझ्या आधी तिथे बसणाऱ्या कुणाचा तरी चष्मा. घरासकट. सहा वर्षं मी रोज त्या चष्म्यासमोर बसून ताळेबंद जुळवत होते आणि मला पत्ता नव्हता.

आता नवीन टेबल पांढरं, कोरं, कुणाचंच नसल्यासारखं. त्यात व्यवस्थापनाची मेल आली आहे की आजपासून क्लीन डेस्क पॉलिसी, संध्याकाळी टेबल रिकामं दिसलं पाहिजे आणि वैयक्तिक वस्तू जास्तीत जास्त तीन.

तर प्रश्न दोन. वर आवरलेलं आणि आत उकिरडा, हे पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय करता? आणि तीन वस्तूंत टेबल आपलं कसं करायचं? की करूच नये?

वायरमन (सोमवार, रात्री १०.१५)

मी आयटी सपोर्टला आहे, म्हणजे दिवसातला बराच वेळ लोकांच्या टेबलाखाली असतो. वरून चकाचक असलेल्या टेबलांचं खालचं दर्शन मला रोज घडतं, त्यामुळे तुमचं वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

ताई, ती बुरशी नाही. अल्कलाइन सेल गळला की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याची पांढरी पूड होते. नखाने खरवडू नका, त्वचेला झोंबतं. कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पत्रा पुसा, मग ओल्या काडीने, मग सुकू द्या. बऱ्याचदा यंत्र वाचतं. खणातला जुना फोन किंवा पॉवरबँक मात्र फुगलेला दिसला तर दाबून बघू नका, चार्जिंगला लावू नका, ई-कचऱ्यात द्या.

नवीन टेबल आहे तर वायरींचं पहिल्याच दिवशी करून घ्या, पुन्हा मुहूर्त लागत नाही. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावून नाव लिहा: मॉनिटर, लॅपटॉप, फोन. सगळं बंद करा, सगळ्या वायरी काढा आणि जमिनीवर पसरा. हटकून एखादी उरते जी कशालाच जोडलेली नव्हती. मग परत लावताना जास्तीची लांबी टेबलाच्या मागच्या कडेला बांधून टाका. बांधायला ते प्लास्टिकचे टाय नकोत. पुढच्या वेळी टाय कापायला जाता आणि कात्री वायरीला लागते. मी स्वतः एक नेटवर्कची वायर अशी कापली आहे, महिनाअखेरीला, त्यामुळे माझं मत ठाम आहे. वेल्क्रोची पट्टी घ्या, शंभरदा उघडा, शंभरदा लावा. (जॉर्ज द मेस्त्राल नावाच्या स्विस माणसाला तिची कल्पना १९४१ साली सुचली. फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली कुसळं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर प्रत्येकाला बारीक आकडा. कुसळं झटकून टाकणारा माणूस असता तर आज माझं काम अवघड होतं.)

आणि एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा एक्स्टेंशन बोर्ड जोडू नका. कितीही नीट बांधलेला असला तरी.

तटस्थ (सोमवार, रात्री ११.०२)

टेबल कंपनीचं असतं. आपलं करायचं कशाला? मी शून्य वस्तू ठेवतो. मागची नोकरी सोडली तेव्हा पाच मिनिटांत बाहेर पडलो, हातात फक्त डबा. तीन म्हणजे पुष्कळ झाल्या.

ढिगारा (सोमवार, रात्री ११.२०)

तटस्थराव, तुमचं टेबल म्हणजे रेल्वेचा बाक झाला.

मी विरुद्ध टोकाचा. माझ्या टेबलावर कागदांचे चार ढीग आहेत आणि मागाल तो कागद मी दहा सेकंदांत काढून देतो. टॉमस मेलोन नावाच्या संशोधकाने १९८३ साली लोक ऑफिसातलं टेबल कसं लावतात हे त्यांच्या खोल्यांत जाऊन बघितलं होतं. त्याचं म्हणणं, ढीग नुसते सापडण्यासाठी नसतात, आठवण करून देण्यासाठी असतात. फाईल कपाटात गेली की काम डोक्यातून गेलं. डोळ्यांसमोरचा कागद रोज टोचतो.

शिवाय २०१३ साली अमेरिकेत कॅथलीन व्होस यांच्या गटाने प्रयोग केला होता. पसाऱ्याच्या खोलीत बसवलेल्या लोकांना जास्त नव्या कल्पना सुचल्या. हे मी छापून टेबलावर लावलं होतं. आता ढिगात कुठेतरी आहे.

शंकेखोर (मंगळवार, सकाळी ७.५०)

@ढिगारा, त्याच प्रयोगमालिकेत नीटनेटक्या खोलीतल्या लोकांनी देणगी जास्त दिली आणि खायला आरोग्याला बरं ते निवडलं, तेही छापा की. अर्धाच कागद लावता. बाकी अशा एका-दोन प्रयोगांवर कुणी आपलं टेबल आवरू नये आणि पसरूही नये.

निवृत्तकारकून (मंगळवार, सकाळी ८.३०)

मी छत्तीस वर्षं नस्त्या सांभाळल्या. नियमावल्या अनेक आल्या आणि गेल्या, त्यामुळे मला पॉलिसीचं विशेष वाटत नाही. पण खणाबद्दल थोडं बोलतो.

खण खराब होतो तो "तूर्त इथे ठेवू" या तीन शब्दांनी. म्हणून माझ्याकडे 'तूर्त'साठी वेगळी जागा होती. खणात नाही, टेबलावर, उघड्यावर, डाव्या हाताला एक पत्र्याचा ट्रे. जागा न ठरलेली प्रत्येक गोष्ट त्यात. ट्रे उथळ, बोटभर उंचीचा. भरला की सांडायचा, सांडला की लाज वाटायची, लाज वाटली की आवरायचो. खोल ट्रे घेतलात तर लाज महिनाभर लांबते.

कागदांचं माझं असं होतं की प्रत्येक कामाचं एक पाकीट. पाकिटं आडवी न रचता फळीवर उभी. काम झालं की पाकीट परत मूळ जागी ठेवायचं नाही, नेहमी डाव्या टोकाला ठेवायचं. विषयवार नाही, अकारविल्हे नाही. सहा महिन्यांत जी पाकिटं कुणी विचारली नाहीत ती आपोआप उजव्या टोकाला सरकलेली असायची. तिथून बासनात, म्हणजे अभिलेख कक्षात. साहेबांना हे अव्यवस्थित वाटायचं. पण बदलून आलेल्या माणसालाही चौथ्या दिवशी सगळं सापडायचं.

आणि टाचण्या, यू-पिना कागदाला लावून वर्षानुवर्षं ठेवू नका. गंजाचा डाग पुसता येत नाही. नेमका सही असलेल्या कोपऱ्यात पडतो.

ढिगारा (मंगळवार, सकाळी ९.०५)

काका, साष्टांग! तुम्ही जे करत होतात त्याला जपानात नाव आहे. युकिओ नोगुची नावाच्या अर्थतज्ज्ञांनी हीच पद्धत मांडून १९९३ साली तिथे धमाल उडवली. उभी पाकिटं, वापरलेलं डावीकडे, जुनं उजवीकडे सरकत जाणार.

आणि आमच्या धंद्यात, म्हणजे प्रोग्रॅमिंगमध्ये, याचं गणितही आहे. स्लिएटर आणि टार्जन या दोघांनी १९८५ साली सिद्ध केलं की यादीतली वापरलेली गोष्ट दर वेळी पुढे आणून ठेवली, तर एकूण शोधाशोध उत्तमातल्या उत्तम पद्धतीच्या फार तर दुप्पट होते. ती उत्तम पद्धत म्हणजे जिला पुढे काय काय मागितलं जाणार ते आधीच ठाऊक आहे अशी! भविष्य न बघता याहून काय हवं? म्हणजे माझे ढीगही शास्त्रशुद्धच की. फक्त आडवे आहेत.

निवृत्तकारकून (मंगळवार, सकाळी ९.४०)

आडवे आहेत तिथेच फसता. उभ्या पाकिटांतून मधलं काढलं तर बाकीची उभीच राहतात. आडव्या ढिगातून मधलं काढा आणि काय होतं ते सांगा.

ढिगारा (मंगळवार, सकाळी ९.४२)

काल तेच झालं.

हिरवापाला (मंगळवार, दुपारी १.१०)

तीन वस्तूंपैकी एक झाड असू दे, निळीशाई. स्नेक प्लांट, झेडझेड किंवा मनीप्लांट. कमी उजेडात तगतात. नासाच्या अभ्यासानुसार झाडं ऑफिसातली हवाही शुद्ध करतात.

शंकेखोर (मंगळवार, दुपारी १.२५)

झाड ठेवा, पण हवेसाठी नको. नासाचा तो १९८९ चा अभ्यास बंद काचपेटीतला होता. पेटीत एक झाड, एक वायू, बाहेरची हवा येत नाही. ऑफिस तसं नसतं. २०१९ साली दोन संशोधकांनी अशा जुन्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला. इमारतीत साधी खेळती हवा जेवढं काम करते तेवढं झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. मग टेबल कुठे ठेवणार?

हिरवापाला (मंगळवार, दुपारी १.५०)

बरं, हवा राहू दे. मला ते बघून बरं वाटतं, एवढं पुरे आहे.

पण ऑफिसातली झाडं उन्हावाचून कमी आणि प्रेमाने जास्त मरतात. येणारा-जाणारा प्रत्येक जण बाटलीतलं उरलेलं पाणी ओततो. माझं पहिलं झेडझेड असंच गेलं. वरून हिरवंगार, एके दिवशी सहज देठ धरला तर हातात आला, खाली लगदा. आता कुंडीत बोट घालून बघते. दोन पेरं खोल माती कोरडी लागली तरच पाणी. आणि कुंडीवर चिठ्ठी: "मला पाणी घालू नका. माझी मालकीण घालते." एकदा कुणीतरी खाली लिहिलं होतं, "मालकीण रजेवर आहे."

पानांवर धूळ बसते तीही ओल्या फडक्याने पुसा. खालून हाताचा आधार द्या, वरून पुसा.

फडकं (मंगळवार, रात्री ८.४५)

मी इथे वाचत असते, लिहिते पहिल्यांदाच. मी एका मोठ्या ऑफिसात हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. माझ्या हाताखाली चौदा जणी. तुम्ही सगळे घरी गेलात की आम्ही येतो.

तुम्हाला एक गोष्ट कदाचित माहीत नसेल. आम्हाला टेबलावरच्या कागदाला हात लावायची परवानगी नाही. कागद उचलायचा नाही, सरकवायचा नाही. लॅपटॉप उचलायचा नाही. म्हणजे आम्ही पुसतो ती फक्त मोकळी जागा. ज्यांच्या टेबलावर चारही कोपऱ्यांत कागद असतात त्यांचं टेबल वर्षभर पुसलंच जात नाही, आणि तेच लोक तक्रार करतात की इथे कुणी साफ करत नाही. मी हे एकदा एका साहेबांना समजावून सांगायला गेले तर म्हणाले, "मग उचलून पुसा ना." उचलून पुसलं. दुसऱ्या दिवशी कागद हरवल्याची मेल आली. कागद नंतर त्यांच्याच बॅगेत मिळाला. मेल मागे घेतल्याची मेल काही आली नाही.

आमच्यातल्या एकीला टेबलांवरून माणसं ओळखता येतात. चेहरा बघितलेला नाही, नाव माहीत नाही, पण "खिडकीजवळच्या बाई आठवडाभर रजेवर दिसतात" हे तिला कळतं, कारण कपाचा गोल डाग नाही. एकाच्या टेबलावर लहान मुलीचा फोटो आहे. ती तो रोज उचलते, खालची जागा पुसते आणि बरोबर त्याच कोनात ठेवते. तो उचलायचा नाही असं नियमात लिहिलेलं नाही, म्हणून.

तेव्हा निळीशाईताई, मला विचाराल तर निघताना टेबलाचा एक हातभर भाग पूर्ण मोकळा ठेवा. रोज तोच नको, आज डावा, उद्या उजवा. आठवड्यात सगळं टेबल पुसून होतं. कचऱ्याच्या डब्याशेजारी खोका ठेवलात तर त्यावर "कचरा" किंवा "टाकू नका" असं काहीतरी लिहा. आम्ही रोज रात्री त्या खोक्याकडे बघत उभ्या राहतो.

निळीशाई (मंगळवार, रात्री ९.३०)

फडकंताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सहा वर्षांत माझं टेबल कोण पुसतं हे मी एकदाही विचारलं नाही. डब्याशेजारी चिठ्ठीविना खोका ठेवणारी मीच.

काका, उथळ ट्रे उद्याच.

वायरमन (मंगळवार, रात्री १०.००)

फडकंताईंना सलाम. एक भर घालतो, कारण चांगल्या मनाने केलेली साफसफाई आमच्याकडे दुरुस्तीला येते.

मॉनिटरला काच पुसायचा निळा फवारा मारू नका. त्यात अमोनिया असेल तर पडद्यावरचा लेप जातो आणि मग कायमचे ढगाळ डाग. टिश्यू पेपर, वर्तमानपत्र नको, बारीक चरे पडतात. मॉनिटर बंद करा, काळ्या पडद्यावर धूळ बरोबर दिसते. आधी कोरडं मायक्रोफायबर. मग गरज असेल तरच फडक्यावर, पडद्यावर नाही, थोडं साधं शुद्ध पाणी. पाणी थेट पडद्यावर फवारलं की ओघळून खालच्या कडेत शिरतं आणि तळाला आडवी रेघ कायमची येते.

कीबोर्ड वेगळा, तर वायर काढून उलटा करा आणि पाठीवर थापट्या मारा. खाली पांढरा कागद ठेवा. काय पडेल ते बघून तुम्ही पुन्हा कीबोर्डवर बसून खाणार नाही. मेकॅनिकल कीबोर्डची बटणं काढायची असतील तर आधी फोटो काढा. मी एकदा न काढता सगळी काढली आणि लावताना उजवीकडच्या दोन चिन्हांची अदलाबदल झाली. त्या माणसाचा पासवर्ड चार दिवस चुकत होता. लॅपटॉपची बटणं अजिबात उपसू नका, खालची कात्रीसारखी नाजूक पकड मोडते.

धूळ उडवायचा दाबलेल्या हवेचा डबा वापरणार असाल तर उभा धरा. तिरका किंवा उलटा धरला की हवेऐवजी गार द्रव बाहेर येतो. लॅपटॉपच्या जाळीत हवा मारायची तर पंखा काडीने अडवून धरा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून खराब होऊ शकतो.

नियमावली (बुधवार, सकाळी १०.२०)

मी माहिती-सुरक्षेच्या ऑडिटमध्ये काम करते. निळीशाई, तुमच्या मेलमध्ये दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते.

आयएसओ २७००१ या मानकात 'क्लिअर डेस्क, क्लिअर स्क्रीन' असं कलम खरंच आहे. २०१३ च्या आवृत्तीत ते ११.२.९ होतं, २०२२ च्या आवृत्तीत ७.७ झालं. पण त्याचा रोख संवेदनशील कागद, पेनड्राइव्हसारखी माध्यमं आणि उघडा ठेवलेला संगणक यांच्यावर आहे. निघताना गोपनीय कागद कुलपात, जागेवरून उठताना स्क्रीन लॉक, प्रिंटरवर कागद सोडून जाऊ नका. फोटोफ्रेम किती ठेवायच्या यावर ते कलम काहीही म्हणत नाही. तीन वस्तूंचा नियम तुमच्या व्यवस्थापनाने स्वतः काढलेला आहे. काढायचा त्यांना अधिकार आहे, पण तो सुरक्षेच्या नावाखाली आला असेल तर नम्रपणे विचारायला हरकत नाही.

ऑडिटला जाते तेव्हा मी टेबल चकचकीत आहे का ते बघत नाही. कीबोर्ड उलटा करते. खाली पासवर्डची चिकट चिठ्ठी असते. तिथे नसली तर मॉनिटरच्या मागे असते. सर्वांत स्वच्छ टेबलांवर हमखास.

ढिगारा (बुधवार, सकाळी १०.४०)

चिकट चिठ्ठीवरून आठवलं. ती खालून वर ओढून काढू नका, गुंडाळी होते आणि दुसऱ्या दिवशी गळून पडते. चिकट पट्टीच्या बाजूने, डावीकडून उजवीकडे सोलून काढा, सपाट राहते. तो कमी चिकटणारा गोंद १९६८ साली स्पेन्सर सिल्व्हर यांना सापडला. पण त्याचं करायचं काय ते कुणालाच सुचेना. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या वहीतल्या खुणेचे कागद सारखे पडतात म्हणून सुचलं. बाजारात यायला १९८० उजाडलं. बारा वर्षं तो गोंद कुणाच्या तरी 'तूर्त'च्या ट्रेमध्येच होता म्हणा ना.

लालचिठ्ठी (बुधवार, दुपारी ४.१५)

कारखान्यातला माणूस आहे, त्यामुळे फाइव्ह-एस, म्हणजे कामाची जागा आवरायची जपानी पद्धत, सांगितल्याशिवाय राहवत नाही. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. पाचही सांगत बसत नाही, ऑफिसच्या खणाला पहिलं पुरतं: सेइरी, म्हणजे नको ते वेगळं काढा. पण नको की हवं, हेच तर कळत नसतं. त्यासाठी आमच्याकडे लाल चिठ्ठी असते. शंका असलेल्या वस्तूला लाल चिठ्ठी, तिच्यावर तारीख, आणि वस्तू एका वेगळ्या जागी. ठरलेल्या मुदतीत कुणी मागितली नाही तर ती जाते. त्या क्षणी निर्णय घ्यावा लागत नाही, हीच त्यातली खुबी. निळीशाई, तुमचे चार्जर आणि किल्ल्या लाल चिठ्ठीत घाला. महिनाभर.

मात्र याचा अतिरेकही बघितला आहे. आमच्या इथे एका उत्साही अधिकाऱ्याने ऑफिसच्या टेबलांवर रंगीत पट्टीने चौकोन आखले. फोन इथे, स्टेपलर इथे, माउस इथे. यंत्रशाळेत पाना कुठला गायब आहे हे फळ्यावरच्या आकृतीवरून लांबूनच दिसतं, त्याला अर्थ आहे, दहा जण तो पाना वापरतात. माझा माउस मी एकटा वापरतो आणि मी डावखुरा आहे. चौकोन उजवीकडे होता.

निळीशाई (बुधवार, रात्री ९.१०)

लालचिठ्ठी, ते डावखुऱ्याचं वाचून मोठ्याने हसले आणि मग लक्षात आलं की मला नेमकं हेच खुपतं आहे. आवरायला माझी ना नाही. दुसऱ्याने आखलेल्या चौकोनात आवरायचं, ते नको वाटतं.

शंकेखोर (बुधवार, रात्री ९.३५)

त्यावर एक प्रयोग आहे, आणि यावेळी मी शंका काढत नाही. क्रेग नाइट आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी २०१० साली प्रसिद्ध केला. चार प्रकारची ऑफिसं. एकात नुसतं टेबल-खुर्ची, दुसऱ्यात झाडं आणि चित्रं लावून दिलेली. तिसऱ्यात तीच झाडं-चित्रं, पण कुठे लावायची ते बसणाऱ्याने ठरवायचं. चौथ्यात त्याने ठरवून लावल्यावर संशोधक यायचा आणि सगळं पुन्हा स्वतःच्या मनाप्रमाणे लावायचा.

सर्वांत चांगलं काम तिसऱ्या खोलीत झालं. रिकाम्या ऑफिसपेक्षा सुमारे ३२ टक्के जास्त. आणि चौथ्या खोलीत तो फायदा गेला. तेवढीच झाडं, तेवढीच चित्रं. फक्त आधी विचारून मग पाणी फिरवलं.

तटस्थ (बुधवार, रात्री १०.५०)

बरं, आता थोडं खरं सांगतो. आधीच्या आधीच्या नोकरीत माझ्या टेबलावर बरंच काही होतं. एकदा दोन आठवडे रजेवर होतो. परत आलो तर जागा दुसऱ्याला दिलेली आणि माझं सामान झेरॉक्स मशीनच्या मागे एका खोक्यात. वडिलांनी दिलेला पितळी पेपरवेट त्यात नव्हता. कुणाला विचारलं तरी माहीत नाही. तेव्हापासून शून्य.

हिरवापाला (बुधवार, रात्री ११.०५)

अरे. हे आधी का नाही लिहिलंस.

तटस्थ (बुधवार, रात्री ११.१०)

रेल्वेचा बाक वगैरे चाललं होतं ना.

ढिगारा (बुधवार, रात्री ११.१२)

शब्द मागे घेतो. मनापासून.

पाहुणीखुर्ची (गुरुवार, सकाळी ८.००)

तुम्हाला निदान टेबल तरी आहे. आमच्याकडे दोन वर्षांपासून कुणाचीच जागा ठरलेली नाही. सकाळी ॲपवर आरक्षण करा, मिळेल तिथे बसा. १९९४ च्या सुमारास शायट/डे या जाहिरात कंपनीने अमेरिकेत हा प्रयोग वाजतगाजत केला होता. लोक कागदपत्रं गाडीच्या डिकीत ठेवायला लागले, आणि काही वर्षांत कंपनी ठरलेल्या जागांकडे परतली. आम्ही त्याच वाटेवर आहोत असं वाटतं.

मी एक कापडी पिशवी शिवून घेतली आहे, पाच खणांची. पुसायचं फडकं, माउस, चार्जर, एक पेन, आणि एक दगड. गोल, काळा, नदीतला. बसले की आधी टेबल पुसते, मग दगड वरच्या डाव्या कोपऱ्यात. मग ते टेबल संध्याकाळपर्यंत माझं. खुर्चीची उंची आणि मॉनिटरही रोज लावून घ्यावा लागतो: वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, अंतर हातभर. यात दोन मिनिटं जातात. ती वाचवली तर मान दुपारी दुप्पट वसूल करते.

तटस्थ (गुरुवार, सकाळी ८.२०)

दगड आवडला.

निळीशाई (तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.३०)

मंडळी, हालहवाल कळवते, कारण धागा मीच काढला होता.

नियमावलींच्या सल्ल्याप्रमाणे मेल लिहिली. नम्र. उत्तर आलं की कागदांचा नियम सक्तीचा, वस्तूंचा "मार्गदर्शक स्वरूपाचा". म्हणजे चारही चालतील असं मी धरलं आहे. सध्या तीनच आहेत: मनीप्लांटची फांदी पाण्याच्या बाटलीत, उथळ ट्रे (वैयक्तिक आहे, मी स्वतः आणला), आणि आजीची शिलाईच्या कात्रीची म्यान, ज्यात मी आता पेनं ठेवते. चार पेनं मावतात. पाचवं आलं की एक जातं.

निघताना एक हातभर जागा मोकळी. पहिल्या आठवड्यात विसरले. मग संगणकावर पावणेसहाची आठवण लावली. मागच्या गुरुवारी सकाळी आले तर बाटलीतलं पाणी बदललेलं होतं. कोण ते अजून कळलेलं नाही. थांबून भेटायचं ठरवलं आहे.

चष्म्याचा मालक सापडला. आधीच्या साहेबांचा होता, निवृत्त झालेत. फोन केला तर म्हणाले, "अहो, दोन नंबर बदलले त्यानंतर, टाकून द्या." मी लाल चिठ्ठी लावून ठेवला आहे. टाकवत नाही.

वायरमन (रविवार, संध्याकाळी ७.००)

उत्तम! कॅल्क्युलेटर?

निळीशाई (रविवार, संध्याकाळी ७.०५)

चालू झाला. आठ उमटत नाही, शून्यासारखा दिसतो. म्हणून निवृत्त केला.

निवृत्तकारकून (रविवार, संध्याकाळी ७.४०)

आणि त्या अकरा किल्ल्या? कुलपाच्या तोंडावर बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो, तोच बहुधा किल्लीवरही. जुळवून बघा, मग टाका.

निळीशाई (सोमवार, सकाळी ९.५०)

काका, जुळवल्या. दोन माहीतच होत्या, आठ कशालाच लागत नाहीत. अकरावीचा क्रमांक माझ्या नवीन खणाच्या कुलपावरच्या क्रमांकाशी जुळला. सहज घालून फिरवली तर उघडला. चौथ्या मजल्यावरची किल्ली, दुसऱ्या मजल्यावरचा खण!

नियमावली (सोमवार, सकाळी १०.१०)

यात नवल नाही. खणांच्या कुलपांचे क्रमांक मोजकेच असतात, तेच पुन्हा पुन्हा बसवतात. पण एक विचार करा. तुमच्याकडे दुसऱ्याच्या खणाची किल्ली निघाली, तशी तुमच्या खणाची किती जणांकडे असेल?

निळीशाई (सोमवार, सकाळी १०.१२)

चष्मा घरी नेते.